हळदीच्या दोऱ्याची गाठ

छातीतली गाठ हाताला लागली तेव्हा मी ती आधी देवीला सांगितली आणि मग ह्यांना. हळदीच्या दोऱ्याला गाठ मारून तो मनगटात बांधला. म्हटलं, आई, गाठ साधी निघू दे, खणा-नारळानं तुझी ओटी भरीन आणि मगच हा दोरा सोडीन. चौसाळ्याजवळच्या आमच्या खेड्यातून ह्यांनी मला बीडला नेलं. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढला, तो मोठ्या शहरात तपासायला जाणार होता. दिवस कोरोनाचे. दवाखान्यात पाऊल टाकणाऱ्या सगळ्यांच्याच नाकात काडी घालत, तशी माझ्याही घातली. पाठोपाठ सगळं बंद झालं. विचारलं की उत्तर ठरलेलं, तपासणारी माणसं कोरोनाच्या कामाला लावलीत, थांबा.

थांबणं कसलं ते! भाकरी थापता थापता हात आपोआप छातीकडं जायचा. मन चिंती ते वैरी न चिंती, तसं झालं होतं. देवीपुढं बसले तरी तोंडात तिचं नाव आणि डोक्यात तो तुकडा. आपलं ऐकणारं कुणी आहे का, अशी शंका आयुष्यात पहिल्यांदा आली.

मग एक दिवस फोन आला, "बाईंचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे." हे गोठ्यातून धावत आले. त्या काळात त्या शब्दाएवढा गोड शब्द दुसरा नव्हता. पेढे कुठले मिळायला, मी शिरा केला. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले आणि गाढ झोपले.

बंदी थोडी सैल झाल्यावर टेकडीवरच्या देवीला गेले. दाराला कुलूप होतं, लोक पायरीवरच ओटी ठेवून परतत होते. मला ओटी ठेवायचाही धीर नव्हता, आधीच दातानं दोऱ्याची गाठ सोडवू लागले. पलीकडं तोंडाला पदर बांधून एक अनोळखी बाई बसली होती.

"कशाचा नवस, ताई?"

"छातीत गाठ होती. रिपोर्ट निगेटिव्ह आला," मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

तिनं तोंडावरचा पदर जरा खाली केला. मग म्हणाली, "नाकाचा का गाठीचा?"

"म्हंजे?"

"माझ्या नणंदेचाबी असाच आलता. आमी लई खूश. तो नाकाचा निघाला. गाठीचा आला तवर उशीर झालता."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "देवीच्या दारात असलं अभद्र काहून बोलता?"

"न्हाई बोलले तर देवीला काय सांगू?" एवढं बोलून ती पायऱ्या उतरून गेली. मी तिला नावही विचारलं नाही. अर्धवट सुटलेली गाठ मात्र पुन्हा आवळली आणि ओटीचं सामान तसंच घरी परत आणलं.

ह्यांनी लगेच दवाखान्याला फोन लावला. ती म्हणाली तेच खरं होतं. निगेटिव्ह आलं होतं ते नाकातलं. गाडीच न मिळाल्यानं माझा तुकडा औषधाच्या पाण्यात, बाटलीत तसाच पडून होता. आता कुठं तो शहरात तपासायला गेला, आणि उत्तर आलं ते कर्करोगाचं. ऐकून मी देवीवर रुसले, दिवाही लावला नाही. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, "वेळेत आलात. आणखी थांबला असता तर अवघड होतं." तेव्हा कुठं ती बाई आठवली आणि रडू आवरेना.

देवळं उघडल्यावर ओटी भरायला निघाले, तेव्हा हे म्हणाले, "अगं, गाठ तर साधी निघाली न्हाई. मग नवस कशाचा?" मी तरीही ओटी भरली आणि मगच दोरा सोडला.

अजूनही तपासणीचे दिवस जवळ आले की जीव टांगणीला लागतो. तपासणीच्या आधी मी देवीला जाते, आणि तिच्या खणासोबत एक जास्तीचा खण नेते. ती बाई अजून भेटलेली नाही. देवीकडं चांगलंच मागायची सवय मात्र सुटली. आता एवढंच म्हणते, आई, जे खरं असेल ते वेळेवर माझ्या कानावर घाल. आणि सांगायला आलेल्या बाईवर मला ओरडू देऊ नको.