तीन टिंबांमागचा रामुलू

वरंगळच्या कोमुरय्याच्या फोटो स्टुडिओत फाईलला तिथल्या रीतीनं आधी घराण्याचं नाव द्यायचे, मग माणसाचं. नाव लांब असलं की मेला संगणक अर्ध्यातच तोंड मिटायचा, पुढं नुसती तीन टिंबं. पडद्यावर 'गुंडेबोयिना वेंकट…' दोनदा दिसलं, तशी कोमुरय्यानं एक फाईल जादाची समजून कायमची पुसली. ती वेंकटरामुलूची होती. पुढल्याच आठवड्यात रामुलू विहिरीत बुडाला. त्याचा दुसरा फोटो कुठंच नव्हता.

अकराव्याच्या आदल्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ वेंकटमल्लेश स्टुडिओत उरलेल्या आपल्याच फोटोकडे बघत राहिला.

"हाच छाप, मामा."

"जित्या माणसाला हार घालू? आई काय म्हणेल तुझी?"

"तिला कुठं धड दिसतंय?"

कोमुरय्यानं छापला.

दुसऱ्या दिवशी म्हातारीनं फोटोची काच चाचपली. "यात हसतोय ना रे माझा रामुलू?"

"हसतोय, अम्मा," मल्लेश म्हणाला.