बर्फाची खोली आणि अंबडचा पाऊस

बर्फ मोजायची नोकरी करतो म्हटलं की अंबडला लोक हसायचे. आमच्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याच्या पोत्यात गुंडाळलेली लादी. अण्णा, म्हणजे माझे वडील, मात्र हसले नाहीत. ते स्वतः तहसीलचं पर्जन्यमापक वाचायचे, रोज सकाळी साडेआठला, मोजपात्र डोळ्यांसमोर धरून. पाऊस नसेल तर वहीत 'निरंक' लिहायचे. मी कॉलेजात होतो तेव्हा एका उन्हाळ्यात म्हटलं, आभाळ कोरडंठाक आहे, घरूनच लिहून टाका की. भडकलेच. "न पाहता निरंक लिहायचं न्हाई. पाह्यलं आन् न्हाई सापडलं, तर निरंक. पाह्यलंच न्हाई, तर रकाना कोरा ठेवायचा."

पुढे मी हिमालयात नोकरीला लागलो. बरीच वर्षं आम्ही बर्फात काठी खुपसून खोली मोजली. दोन हजार सालानंतर लेझर आलं. यंत्र गाडीच्या टपावर बसवायचं, गाडी रस्त्यानं चालत राहायची आणि आजूबाजूच्या उतारांवरच्या असंख्य ठिपक्यांची उंची आपोआप टिपली जायची. मी फोनवर मोठ्या ऐटीत सांगितलं. अण्णा म्हणाले, "हात न लावता मोजून राह्यले? मंग खोली कशी कळते?"

नेमकं वर्मावर बोट. लेझरला फक्त बर्फाचा माथा दिसतो. खोली हवी तर तीच जमीन बर्फ नसताना मोजलेली लागते, मग एकातून दुसरं वजा करायचं. नव्या यंत्राच्या उत्साहात आम्ही शहाण्यांनी हिवाळाभर बर्फ मोजला होता आणि उघडी जमीन मोजलीच नव्हती. ती मोजायची तर बर्फ वितळल्यावरचा एकच महिना हाती होता, आणि त्याच महिन्यात मी घरी जाणार होतो. आई गेल्यापासून अण्णा एकटेच राहत होते. रजा रद्द झाली हे सांगताना वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "जमीन आधी मोज. ती न्हाई तर बाकीचं सगळं वाया." मला सुटल्यासारखं वाटलं. हलकटपणाच तो, पण वाटलं खरं.

मग त्याची सवयच लागली. पुढची रजा हुकली, तिच्या पुढचीही. फोन करायला खाली गावात उतरावं लागायचं, हा बहाणा तर कायमचा तयार. फोन लागला की अण्णांचं एकच, "आज किती?" मला वैताग यायचा. दुसरं काही विचारा ना! पण 'कधी येतोस' हे त्यांना विचारता येत नव्हतं, आणि मी ते आपणहून सांगत नव्हतो.

शेवटी एका पावसाळ्यात गेलो, सहा दिवसांसाठी. निवृत्तीनंतर अण्णांनी अंगणात स्वतःचं पर्जन्यमापक बसवलं होतं. त्याची वही फोनशेजारी पडलेली दिसली म्हणून सहज उघडली. तारीख, पाऊस आणि तिसरा रकाना फोनचा. माझा फोन आलेल्या दिवशी मी सांगितलेली बर्फाची खोली तिथे सेंटिमीटरमध्ये लिहिलेली. बाकी पानंच्या पानं निरंक, निरंक, निरंक.

पाहिल्याशिवाय हा माणूस निरंक लिहीत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? म्हणजे रोज ते त्या फोनपाशी बसत होते. मला भयंकर लाज वाटली. मी वही होती तशी ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी साडेआठला ते अंगणातून आले, पावसाचा आकडा लिहिला आणि वही मिटायला लागले.

"अण्णा, फोनचा रकाना?" मी विचारलं.

"काल कुठं वाट पाह्यली फोनची? तू तर इथंच. चहा टाक जल्दी."

आता अण्णा नाहीत. वही माझ्याकडे आहे. परवा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कोरे रकाने मोजले. सहाच आहेत.