कोठडीतली थरथर

ती घटना मी विसरलो नाही, फक्त सांगायची टाळली. निवृत्तीनंतर लोकांनी जुने तपास विचारले, तेव्हा मी चोर पकडल्याच्या गोष्टी सांगितल्या. ही कधी ओठांवर येऊ दिली नाही. आता फार दिवस उरले नाहीत, म्हणून लिहितो.

सत्तरच्या दशकात मी नागपुरात इतवारी भागात फौजदार होतो. भांड्यांच्या एका गोदामातून तांब्याचे हंडे चोरीला गेले. कुलूप शाबूत होतं, म्हणजे काम माहितगाराचं. आमच्या खबऱ्यानं तिथल्या एका हमालाचं नाव दिलं. म्हणाला, "साहेब, चोरी झाल्यापासून तो दिवसभर पिऊनच राहिला. एवढा पैसा कुठून येऊन राहिला त्याच्याजवळ?" आम्हाला तेवढं पुरलं. हमालाला अटक केली आणि कोर्टाकडून पोलीस कोठडी घेतली.

माणूस चाळिशीचा असेल. डोळे पिवळे, पाय सुजलेले, हातापायांच्या काड्या आणि पोट मात्र पुढे आलेलं. सकाळी उठल्यापासून मोहाची पितो आणि आठवड्याची मजुरी मिळाली की शुद्ध जाईपर्यंत पितो, हे त्यानं सरळ सांगितलं. चोरी मात्र कबूल करेना.

चौकशीत आरोपीचे हात पाहायचे, असं मला वरिष्ठांनी शिकवलं होतं. खोटं बोलणारा तोंड सांभाळतो, हात सांभाळू शकत नाही. दुसऱ्या दिवशी याचे हात थरथरू लागले. चहाची कपबशी धरवेना. ऐन थंडीत बंडी घामानं भिजली. मी हवालदाराला म्हणालो, "माल याच्याकडेच आहे. उद्या बोलेल."

दुपारी त्याची बायको भाकरी घेऊन आली. गजांतून नवऱ्याकडे पाहिलं आणि तशीच माझ्या टेबलापाशी आली.

"साहेब, याले दवाखान्यात न्या जी. दारू एकदम तुटली का याले झटके येतात. मागं मीच घरात कोंडला होता, तं मरता मरता वाचला."

"काहून बाई, सरकारी खर्चानं पाजू काय त्याले?" मी म्हणालो.

ठाण्यात हशा पिकला. हवालदारानं भर घातली, "संगं चकनाही मागवू का, वैनी?"

ती हसली नाही. "मी दारू नाही मागत जी. डॉक्टर मागून राहिली."

मी तिला बाहेर काढायला लावलं.

तिसऱ्या दिवशी हमाल भिंतीला पाठ लावून उभा होता. अंगावरच्या मुंग्या झटकत होता. मुंग्या नव्हत्याच. मग कोपऱ्याकडे बोट करून ओरडला, "त्याले हाकला! माह्याकडेच पाहून राहिला तो!"

मला वाटलं, साथीदाराची भीती बोलते आहे. "कोण आहे? नाव सांग."

त्यानं धाकट्या भावाचं नाव घेतलं. मी लगेच भावाला आणायला शिपाई पाठवला. शिपाई एकटाच परत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"साहेब, भाऊ तं कधीचाच मेला. तोही असाच पीत होता. रक्ताच्या उलट्या झाल्या अन् गेला."

हवालदार कोठडीचं दार उघडायला तयार होईना. "बाहेरची बाधा हाय साहेब," म्हणत तो देवळातून अंगारा घेऊन आला. मी त्याच्यावर खेकसलो. पण त्या कोपऱ्याकडे पाठ करून उभं राहणं मलाही जमेना. तिथे कोरी भिंत होती, आणि तो माणूस तिच्याकडे पाहून लहान मुलासारखा रडत होता.

एवढं पाहूनही मी डॉक्टर बोलावला नाही. माणूस मोडला आहे, आता कबुली येईल, या हिशेबात मी बसून राहिलो.

थोड्या वेळानं त्याचं अंग ताठ झालं, दातखीळ बसली, तोंडाला फेस आला. झटके थांबेनात. जीपमध्ये घालून रुग्णालयात नेलं. संध्याकाळच्या आत तो गेला.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "थरथर, घाम, भास... तुम्हाला यात गुन्हा दिसला? रोज इतकी पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की मेंदू असा उसळतो. यकृत आधीच गेलं होतं, ते खरं. पण काल आणला असता तर औषध होतं."

पुढे दुसऱ्याच एका तपासात ते हंडे सापडले. चोर गोदामाच्या मुनीमाचा मेहुणा निघाला. हमालाचा काही संबंध नव्हता.

मृत्यूची चौकशी झाली आणि अतिमद्यपान हे कारण ठरलं. ते खोटं नव्हतं. पण बायको आदल्या दिवशी बजावून गेली होती, हे मी जबाबात सांगितलं नाही. आणि मला कुणी विचारलंही नाही.

त्यानंतर थरथरणारा माणूस ठाण्यात आला की मी त्याला आधी डॉक्टरकडे पाठवायचो, मग प्रश्न विचारायचो. आमच्या पोलीस लाइनीतही शनिवारी बाटल्या संपेपर्यंत बसणारे होते. मीही त्यांतला एक होतो. सकाळी स्वतःचे हात पाहायची मला भीती वाटू लागली आणि ते बसणं सुटलं. घरच्यांनी पिणाऱ्याला कोंडून दारू सोडवू नये. डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवावी. ही गोष्ट मला एका बाईनं सांगितली होती, फुकट.

बदलीची ऑर्डर आली तेव्हा मी साध्या कपड्यांत तिच्या वस्तीत गेलो. ती दारात तांदूळ निवडत होती. मला पाहताच उठली आणि सूप तसंच खाली पडलं. भिंतीला टेकून तिनं हात जोडले.

"आता कोणाले न्यायले आले, साहेब? घरात कोणीच नाही."

मी म्हणालो, "काही नाही, सहज चौकशीला आलो होतो." आणि मागं वळलो.

'बाई, तुम्ही खरं सांगत होता. मी ऐकलं नाही. माझं चुकलं.' एवढंच बोलायला मी गेलो होतो.