फुलं न्या, मूळ ठेवा

आमच्या ईट गावचे गुरुजी भेटले की नमस्काराच्या आधी मूळ हुंगायला देत. हातात नुकतंच उपटलेलं रोप, त्याची माती आपल्या शर्टावर, आणि वर म्हणणार, "वास घ्या. झाड वरनं मुकं, खालनं लई बोलकं." तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. तो बहुधा नातवाचे फोटो दाखवत असेल, एवढाच फरक.

शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर ते माझ्या बांधाला लागून वांगी करू लागले. पहिल्या वर्षी बरी आली. मग झाडं भर पाण्यात माना टाकू लागली. उपटून पाहिलं तर मुळांवर गाठीच गाठी. डोळ्यांना न दिसणाऱ्या सूत्रकृमींचं ते काम. त्यांच्या घरच्या बाईंनी निकाल देऊन टाकला, "पुढल्या साली वांगं लागलं न्हाय, तर रान दुसऱ्याला बटईनं कसायला द्यायचं आन् तुम्ही घरी बसायचं." गुरुजींना घरी बसणं सोडून सगळं जमत होतं.

त्यांनी वांग्याच्या जागी सबंध तुकडाभर झेंडू लावला. बाई म्हणाल्या, "आता झेंडूचं भरीत करते."

गुरुजींनी मला ओसरीवर बसवून समजावलं, "झेंडूचं मूळ मातीत कडू रस सोडतंय. मूळ म्हंजे घरातली थोरली सासू. कुणाला आत घ्यायचं, कुणाला दारातनं परत धाडायचं, तीच ठरवती. गाठी करणारे पळत्यात, आन् तो रस पचवणारे चांगले जंतू येऊन ऱ्हात्यात."

"सासूला कशाला मधी आणता?" आतून आवाज आला. गुरुजींनी सासूच्या जागी हेडमास्तर घातला आणि पुढे चालू ठेवलं.

दसरा जवळ आला तशी पंचाईत झाली. दसऱ्याला दुसऱ्याच्या रानातला झेंडू आम्ही आपलाच समजतो. त्यात फूल खुडत कोण बसणार? झाडच उपटायचं, बादलीत ठेवायचं, सणापर्यंत ताजं राहतं. गुरुजींना तर झाडं दसऱ्यानंतर मुळांसकट तिथंच गाडायची होती. म्हणून ते काठी घेऊन बांधावर राखणीला बसले. सगळा गाव फुलं नेत होता आणि राखणदार ओरडत होता, "फुलं न्या, मूळ ठेवा!"

शेजारच्या पारूबाईंनी तरी एक झाड उपटलंच. गुरुजींनी ते मागून घेतलं, फुलं खुडून त्यांच्या पदरात घातली आणि झाड होतं तिथं परत लावलं.

"मास्तर, फुलं सोडून मुळ्या राखता व्हय?"

"फुलं उद्या सुकणार, पारूबाई. काम खालीच चाललंय."

पारूबाईंनी ही हकिकत गावभर केली. लोक हसले, पण उपटणं कमी झालं.

पुढच्या साली वांग्यांनी झाडं वाकली. गुरुजींनी काय करावं? वांग्यांनी लगडलेलं एक झाड उपटलं आणि घरोघर नेलं. लोक वांग्यांकडे बघत. हे म्हणत, "तिकडं न्हाय, खाली बघा. गाठ सापडती का?" मूळ पांढरंशुभ्र होतं. बाईंनी मात्र फळाला आलेलं झाड उपटलेलं बघून त्यांना फैलावर घेतलं, "गावाला उपटू न्हाय म्हणता, आन् सोता?" पण बटईचं नाव पुन्हा निघालं नाही. त्या रात्री भरीत झालं, मलाही बोलावणं होतं.

यंदा त्यांनी शेजारच्या तुकड्यात झेंडू लावला आणि श्रावणात गेले. सकाळी चहा घेतला आणि गेले, इतकं साधं. मला त्यांची फार आठवण येते. शर्ट स्वच्छ राहतो, त्याचंच वाईट वाटतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाव फुलांना आला. बांधावर कुणी नव्हतं. माणसं वाकून एकेक फूल खुडत होती. पारूबाईंच्या हातून ओढताना एक झाड उपटून आलं. त्या खाली बसल्या, झाड परत लावलं, भोवतीची माती दाबली, आणि रिकाम्या बांधाकडे बघून म्हणाल्या, "न्हाय नेलं, गुरुजी. ठिवलंय."