गच्चीवरचं लाल कुलूप

कुवेतला परत आलो, बॅगा दारातच टाकल्या आणि हात धुवायला नळ सोडला. पाणी आलं. अकरा दिवसांपूर्वी नाशिकला निघताना आमच्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह मी स्वतः बंद केला होता, वर कुलूप घातलं होतं, आणि त्याची किल्ली आत्ताही माझ्या खिशात होती.

"अहो, आलं तर बरंच झालं की," बायको म्हणाली.

"अगं, आपलं चालू आहे. मग मी बंद कुणाचं केलं?"

उन्हाळ्यात इथे घर बंद करणं हा एक सोहळाच असतो. गिझर बंद करायचा. न्हाणीघराच्या जाळीत पाणी आणि वर चमचाभर तेल ओतायचं, म्हणजे आतलं पाणी सुकत नाही आणि झुरळं वर येत नाहीत. शेवटी गच्चीवर जाऊन टाकीचं पाणी तोडायचं. त्यात मी पडलो शुऐबा गावच्या कारखान्यातला शटडाउनचा, म्हणजे दुरुस्तीसाठी यंत्रं बंद ठेवण्याच्या कामाचा इंजिनिअर, माझं सगळंच काटेकोर. कारखान्यात दुरुस्तीला व्हॉल्व्ह बंद केला की कुणी चुकून उघडू नये म्हणून त्यावर आपलं लाल कुलूप आणि आपला फोटो, फोन नंबर असलेली पाटी लावतात. ते कुलूप ज्याचं त्यानेच काढायचं. आणि बंद केल्यावर नळ सोडून बघायचं, पाणी खरंच थांबलं का. नव्या कामगारांना मी हे घसा फोडून शिकवतो. त्या दिवशी गच्चीवर कुलूप, पाटी सगळं लावलं, पण खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, म्हणून नळ सोडून बघितला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

गच्चीवर धावलो. ओळीने व्हॉल्व्ह, उन्हाने नंबर उडालेले. माझं कुलूप शेजारच्याच व्हॉल्व्हवर लटकत होतं. तो आमच्या वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंचा. त्या केरळच्या, इथेच जाब्रियातल्या इस्पितळात नोकरी, नवरा जहाजावर. आम्ही निघालो तेव्हा त्यांचं बाळ आठ दिवसांचं होतं.

पन्नास डिग्रीत अकरा दिवस, घरात तान्हं बाळ आणि नळाला थेंब नाही. मी तापलेल्या फरशीवर तसाच बसलो.

आमचा हारिस, म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन, माझ्या मागोमाग वर आला. बिहारचा माणूस, पूर्वी ठेकेदाराकडून आमच्याच कारखान्यात होता. त्याच्याकडून कळलं, रोज सकाळ-संध्याकाळ तो तळमजल्यावरून बादल्या भरून त्यांच्या दारात पोचवत होता. बिल्डिंगचा मालक सुट्टीवर. पाटीवरच्या माझ्या नंबरावर याने रोज फोन केला, आणि ते कुवेतचं सिम मी ड्रॉवरमध्ये टाकून गेलो होतो.

"बाळ कसं आहे?" मला विचारायचीही भीती वाटत होती.

"आता ठीक आहे. दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं. सगळ्या अंगावर घामोळं उठलं होतं."

"अरे, मग कुलूप तोडायचं ना," मी खेकसलो. चूक माझी आणि आवाज त्याच्यावर, काय म्हणावं याला.

"साहेब, तुमच्याच क्लासला बसलो होतो मी," तो हिंदीत शांतपणे म्हणाला. "तुम्ही म्हणाला होता, दुसऱ्याच्या कुलपाला हात लावला तर कुणाचा तरी जीव जाईल. मला वाटलं, लाइनमध्ये काहीतरी धोका असेल."

कुलूप लावणारा सापडत नसेल तर ते तोडायचीही रीत आहे. वरिष्ठांना विचारून, सगळं तपासून, सही घेऊन. ती मी कामगारांना कधी शिकवत नाही. ऊठसूट तोडत बसतील, असं माझं मत. त्या क्षणी माझी मलाच लाज वाटली, फार वाटली.

किल्ली काढली. कुलूप उघडलं. मी चाक फिरवणार तेवढ्यात त्याने माझं मनगट धरलं.

"थांबा साहेब. टाकीतलं पाणी चटका बसेल इतकं तापलंय. बाईंचा नळ उघडा राहिला असेल, नळाखाली बाळ असलं तर? आधी बघून येतो."

तो जिना उतरून गेला. मी व्हॉल्व्हला हात न लावता उन्हात उभा राहिलो, त्याची हाक येईपर्यंत.