एका हाताने मारायचा खिळा

आत्या कुणाच्याही घरी गेली की आधी दाराची चौकट बघायची. चपला काढताना तिचा एक हात चौकटीवर टेकलेला असायचा आणि त्या हाताचं बोट लाकूड आणि भिंत यांच्यामधल्या रेषेवरून हळूच खाली यायचं. फट सापडली तरी ती काही बोलायची नाही, पण मग चहा पिताना तिचं लक्ष सारखं तिकडे जायचं. माझं लग्न ठरवायला आम्ही नाहूरला मुलाकडे गेलो होतो. परत येताना आईने तिला विचारलं, घर कसं वाटलं? आत्या म्हणाली, "माणसं चांगली आहेत. दाराच्या पट्ट्या कोपऱ्यात जुळत नाहीत, पण ते काय, करता येईल." माझ्या पहिल्या दिवाळसणाच्या आधी ती स्वतः येऊन त्या जुळवून गेली. सासूबाई बघतच राहिल्या. सुनेची आत्या स्टुलावर उभी राहून, तोंडात खिळे धरून हातोडी मारते आहे, हे त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं.

आत्या शाळेत चित्रकला शिकवायची. तिने लग्न केलं नव्हतं आणि बोरिवलीत स्वतःच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची. शाळेच्या गॅदरिंगचे देखावे उभे करता करता करवत आणि हातोडी तिच्या हातात बसली. पुढे नात्यातल्या सगळ्यांच्या घरी फोटोच्या फ्रेमा, फळ्या, आणि मुख्य म्हणजे चौकटीभोवतीच्या लाकडी पट्ट्या तिनेच लावल्या. "भिंत सरळ नसतेच गं," ती म्हणायची. "सगळे गवंडी घाईत असतात. पट्टी लावली की घर सावकाश बांधल्यासारखं दिसतं."

तिची एक लोखंडी पेटी होती. तीत हातोड्या, पटाशी, काटकोन बघायचा गुण्या, खिळ्यांच्या डब्या असं सगळं आपापल्या जागी असे. आम्हा मुलांना तिला हात लावायची परवानगी होती, माझ्या बाबांना नव्हती. बाबा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्यांनी एकदा त्यातली पटाशी घेऊन नारळ सोलला होता, आणि ही गोष्ट आत्याने पुढे कायम लक्षात ठेवली.

मग तिची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. नवी इमारत होईपर्यंत ती कांदिवलीला भाड्याने राहायला गेली. अधूनमधून मला फोन करून सांगायची, "आज जाऊन आले. पाचवा स्लॅब पडला. चौकटी लाकडाच्याच देणार आहेत म्हणे." एवढ्या वर्षांत लोकांची दारं सजवली, पण स्वतःच्या जुन्या घरात चौकटींना वाळवी लागलेली होती आणि तिथे काही करण्यात अर्थ नव्हता. नव्या घराची सगळी दारं ती मनातल्या मनात केव्हाच करून बसली होती.

कांदिवलीच्या त्या घरातच एका सकाळी तिच्या डाव्या हातातून चहाचा कप पडला. तो उचलायला ती हात पुढे करू गेली, तर हात पुढे जाईना. शेजारच्या बाईंनी रिक्षात घालून तिला हॉस्पिटलात नेलं. पक्षाघाताचा झटका होता. जीव वाचला, बोलणं सुधारलं, पाय काठीच्या आधाराने चालू लागला. डावा हात मात्र खांद्यापर्यंत वर व्हायचा आणि तिथून पुढे त्याला काही सांगून उपयोग नसायचा. बोटं मिटत नव्हती.

बाबा तिला मुलुंडला घेऊन आले. ती हॉस्पिटलात असतानाच त्यांनी कांदिवलीची जागा सोडून दिली होती. सामान बांधलं, काही आणलं, काही वाटून टाकलं. हे सगळं त्यांनी मायेपोटीच केलं. ताईला आता एकटं ठेवायचं नाही, हे त्यांच्या मनात पक्कं झालं होतं. मी त्या आठवड्यात माहेरी होते, त्यामुळे पुढचं माझ्यासमोरच घडलं. आत्या घरी आली, दोन दिवस झोपून राहिली आणि तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "माझी पेटी कुठे आहे रे?"

बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "भंगारवाल्याला दिली. ताई, आता तू कुठे..."

आत्याने हातातली पोळी संपवली. ताट सरकवलं. त्यानंतर कित्येक दिवस ती बाबांशी मीठ दे, पंखा कमी कर, एवढंच बोलत होती. भांडली असती तर बाबांना सोपं गेलं असतं.

पुढच्या पावसाळ्यानंतर नव्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. बाबांनी जागा भाड्याने द्यायचा विषय काढला, तेव्हा ती म्हणाली, "मी तिकडे राहणार आहे."

"एका हाताने?" बाबांनी विचारलं.

"दुसरा आहे. फक्त ऐकत नाही."

मी तिला घर दाखवायला घेऊन गेले. सातवा मजला, लख्ख उजेड, सगळीकडे ओल्या रंगाचा वास. तिने उजेडाकडे पाहिलंही नाही. बेडरूमच्या दारापाशी जाऊन ती चौकटीवर बोट फिरवू लागली. लाकूड आणि भिंत यांच्यामध्ये अंगठ्याएवढी फट होती, घाईने पुट्टी भरलेली, आणि ती पुट्टी आत्ताच पडायला लागली होती. आत्याने अंगठा त्या फटीत घालून पाहिला. मग म्हणाली, "हातोडीला दोन हात लागतात गं. एक खिळा धरायला. आजवर कधी लक्षातच आलं नाही."

मी म्हटलं, "आपण सुतार बोलावू."

"येईल, करून जाईल. चांगलंच करेल. आणि मग मी इथे पाहुण्यासारखी राहू?"

उतरताना लिफ्टमध्ये तिला खालच्या मजल्यावरून फट्, फट् असा आवाज ऐकू आला. कुणाच्या तरी घरी फर्निचरचं काम चालू होतं. तिने मला त्या मजल्यावर लिफ्ट थांबवायला लावली आणि उघड्या दारातून आत बघत राहिली. एक माणूस एका हाताने पट्टी दाबून दुसऱ्या हातातल्या बंदुकीसारख्या यंत्राने खिळे मारत होता. यंत्राला लांब नळी होती, नळीच्या टोकाला हवा भरणारा कॉम्प्रेसर घरघरत होता. "त्याला खिळा धरावा लागत नाहीये," आत्या म्हणाली. एवढंच. पण रिक्षात बसल्यावर तिने माझ्याकडून माझा फोन मागून घेतला.

त्यानंतर मुलुंडच्या घरात महिनाभर तो एकच विषय होता. ती आवाज बारीक करून व्हिडिओ बघायची आणि आई वाढत असताना सांगायची, की जाड खिळ्याने बारीक पट्टी तडकते, आणि अगदी केसासारख्या, डोकं नसलेल्या पिना लाकूड धरून ठेवत नाहीत, मधला अठरा गेजचाच खिळा बरा. आई म्हणायची, "ताई, आमटी गार होतेय." बाबांना भीती वाटत होती. तिच्या पाठीमागे ते मला म्हणाले, "अगं, खिळा स्वतःच्याच हातात मारून घेईल ती. त्या हाताला कळणारसुद्धा नाही."

ही भीती खोटी नव्हती, आणि आत्याला ती माहीत होती. म्हणून दुकानात गेल्यावर तिने सगळ्यात आधी तेच तपासलं. घाटकोपरला हार्डवेअरच्या गल्लीत आम्ही गेलो होतो. दुकानदार गुजराती, वयस्क, हसतमुख. मी विचार करून ठेवला होता की बॅटरीवर चालणारं घ्यावं. नळीची भानगड नाही, कॉम्प्रेसर नाही. त्यानेही तेच पुढे ठेवलं. आत्याने ते उजव्या हातात घेतलं, हात चौकटीच्या वरच्या कोपऱ्याइतका उंच केला आणि तसाच धरून ठेवला. थोड्या वेळाने मनगट थरथरायला लागलं.

"जड आहे," ती म्हणाली. "बॅटरी पण हातातच. मला दुसऱ्या हाताचा टेकू देता येत नाही. हवेवरचं दाखवा. त्याचं वजन जमिनीवर राहील."

दुकानदाराने मला विचारलं, "काम कोण करणार, मॅडम?"

"मीच," आत्या म्हणाली. "माझ्याशी बोला."

तो जरा वरमला आणि मग मनापासून दाखवायला लागला. हवेवर चालणारी दोन यंत्रं त्याने काउंटरवर ठेवली. पहिलं फारच हलकं आणि स्वस्त, सुतार लोक हेच नेतात म्हणाला. आत्याने त्याच्या तोंडाशी अंगठा फिरवला. "ह्याचा नुसता घोडा दाबला तरी खिळा उडतो का?" तो म्हणाला, "हो, फक्त सांभाळून वापरायचं." आत्याने ते बाजूला सारलं. दुसऱ्याच्या तोंडाशी एक लोखंडी जिभली होती. ती लाकडावर दाबली गेल्याशिवाय घोडा ओढून काहीही व्हायचं नाही. तिने त्याला नळी जोडायला सांगितली, घोडा हवेतच ओढून पाहिला. काही झालं नाही. मग फळीवर तोंड दाबून ओढला. फट्. खिळा लाकडात गडप झाला आणि वर एक तांदळाच्या कणीएवढं भोक राहिलं.

"नळी काढा आता. खिळे मला भरून बघू द्या," ती म्हणाली. दुकानातल्या स्टुलावर बसून तिने यंत्र गुडघ्यांमध्ये धरलं, उजव्या हाताने खिळ्यांची पट्टी आत सरकवली. पहिल्यांदा ती निसटून खाली पडली. दुकानदार उचलायला वाकला, तर ती म्हणाली, "असू दे, मलाच उचलायचंय घरी." दुसऱ्यांदा पट्टी खट्कन बसली. कॉम्प्रेसर तिने आवाज ऐकून निवडला. सगळ्यात कमी आवाजाचा, तेल न लागणारा. "शेजारी नवे आहेत," ती म्हणाली. "ओळख भांडणाने नको."

आत्या बोरिवलीला राहायला गेली. पट्ट्या वखारीतून मापाने कापून, कोपरे तिरके करून आणल्या. मी रविवारी गेले, तेव्हा तिने बाथरूमकडच्या दाराची वरची आडवी पट्टी लावली. ती आखूड होती, डाव्या कोपराने दाबून धरता आली. उभ्या पट्ट्यांना ते जमेना. माणसाहून उंच असल्यामुळे त्या खालून धरलं की वरून सुटायच्या. मी धरते म्हटलं, पण मला घरी परतायचं होतं. आठवड्याच्या मधल्या वारी तिच्या मदतीला कोणी नसायचं. त्या बुधवारी आईने डबा देऊन बाबांना बोरिवलीला पाठवलं. पुढचं मला नंतर दोघांनी वेगवेगळं सांगितलं, आणि दोघांचं सांगणं जवळजवळ सारखंच होतं.

बाबा पोचले तेव्हा आत्या पट्टी भिंतीला लावून तिच्यावर खांदा टेकून उभी होती आणि यंत्र जमिनीवर होतं. ते घ्यायला वाकलं की पट्टी पडणार. बाबांनी डबा ओट्यावर ठेवला आणि काही न विचारता पट्टी धरली. आत्याने यंत्र उचललं. पहिला खिळा नीट गेला. दुसरा लाकडातल्या रेषेबरोबर वळला आणि बाजूने बाहेर आला, बाबांच्या बोटाच्या अगदी शेजारी.

आत्याने नळी काढली, कॉम्प्रेसर बंद केला आणि जमिनीवरच बसली. "बस झालं," ती म्हणाली. "तू म्हणतोस ते बरोबर आहे. मला नाही जमणार आता. सुताराला बोलाव."

ज्यासाठी बाबा एवढे दिवस धडपडत होते, ते तिने स्वतःहून म्हटलं होतं. त्यांना फक्त हो म्हणायचं होतं. ते तिच्याशेजारी खाली बसले आणि बाहेर आलेला खिळा बघत म्हणाले, "मी जवळ धरलं होतं. वीतभर लांब धरतो. तू चालू कर."

"तुझं बोट गेलं असतं."

"बोट माझं आहे. उठ, ताई."

ती उठली. बाबांनी हात लांब ठेवला. अर्धी पट्टी झाल्यावर, भिंतीकडे तोंड करूनच, ते म्हणाले, "पेटीचं मी तुला विचारायला हवं होतं."

"हो," आत्या म्हणाली. "हवं होतं." आणि मग, "वर धर. अजून जरा. हां, आता हलू नकोस."

घराची सगळी दारं व्हायला थंडी संपली. बाबा आठवड्यातून दोनदा मुलुंडहून जायचे. जाताना चिडलेले आणि येताना खुशीत असायचे. त्यांच्या शर्टावर लाकडाचा भुगा असायचा आणि तो आईने झटकू नये असं त्यांना वाटत असावं. दोघं दिवसभर काय बोलत होती कोण जाणे. आत्या म्हणायची, "बोलतो कुठे? वाद घालतो. पण धरतो चांगलं."

ती त्या घरात काही वर्षं एकटी राहिली. सांजच्याला खालच्या बागेत काठी टेकत चालायची, शेजारच्या मुलीला चित्रकलेच्या परीक्षेला बसवायची. समोरच्या बिऱ्हाडाच्या पट्ट्याही तिने लावल्या, त्या घरचे आजोबा पट्टी धरायला होते. मला ती एकदा म्हणाली होती, "मला वाटलं, मशीन घेतलं की कुणाची गरज नाही. तसं काही नसतं. फक्त कुणाला बोलवायचं, ते आपण ठरवायचं."

दुसरा झटका आला, तेव्हा तो मोठा होता. हॉस्पिटलात बाबा तिच्या उजव्या बाजूला बसून होते, कारण तोच हात तिला कळत होता. तिला बोलता येत नव्हतं. डॉक्टर नळ्या घालण्याबद्दल विचारायला आले, तेव्हा बाबांनी आमच्याकडे न बघता तिच्याकडे वळून विचारलं, "ताई, तुला हवंय का हे?" तिने बाबांचा हात दाबला आणि मान हलवली, नाही म्हणून. बाबांनी डॉक्टरांना तसं सांगितलं. दोन दिवसांनी ती गेली.

आई गेल्यापासून बाबा आता आमच्याकडे नाहूरला असतात. गुडघे साफ गेलेत. परवा मी आणि माझ्या नवऱ्याने ठरवलं, की त्यांचा पलंग आतल्या खोलीत हलवायचा, तिथून बाथरूम जवळ पडतं. माणसं बोलवायचंही ठरलं होतं. चहा देताना मला काय वाटलं कोण जाणे, मी खाली बसले आणि त्यांना विचारलं.

त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "आत नको," ते म्हणाले. "इथून सकाळी शाळेत जाणारी पोरं दिसतात. उठताना त्रास होतो, ते खरं आहे. धरायला काहीतरी लावून द्या."

म्हणून पलंग जिथे होता तिथेच राहिला आणि भिंतीला एक दांडी बसवली. ड्रिल हातात घेऊन नवऱ्याने त्यांना विचारलं, "बाबा, एवढ्या उंचीवर?"

"जरा खाली," बाबा म्हणाले. "मी आता पूर्वीइतका उंच राहिलेलो नाही."