जुडग्यासकट चालवून बघा

चालती गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडली आणि स्टिअरिंगवर बाई बसलेली असेल, तर तुम्ही आधी बॉनेट उघडता की आधी बाईकडे बघता?

खरं उत्तर द्या. आमच्या घरात आधी बाईकडे बघितलं गेलं, आणि ती बाई म्हणजे माझी आई.

आमचं गाव इस्लामपूरहून सांगलीला जाणाऱ्या रस्त्यालगत आहे. आई भाकरीचा धंदा करते. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती आणि गावातल्या काहीजणी ज्वारीच्या भाकरी थापतात, आणि जेवणाच्या सुट्टीआधी त्या कुपवाडच्या कारखान्यांत पोचाव्या लागतात. पूर्वी हे काम एक टेम्पोवाला करायचा. त्याच्या मनात असलं तर तो यायचा, नाहीतर भाकरी आमच्या दारात वाळायच्या. एक दिवस आईने भाकरीची अख्खी पाटी गावातल्या शाळेत वाटून टाकली आणि संध्याकाळी जाहीर केलं, "मी गाडी शिकणार."

बाजारतळावर ती शिकली. बघायला निम्मं गाव पारावर. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी शेळ्या बांधून घ्यायला सांगितलं. आईने काच खाली करून विचारलं, "व्हय रं, तुज्या बापाला सायकल शिकताना बी असंच बघत हुतास का?" त्यानंतर पारावर गर्दी कमी झाली. छोटी नवी गाडी आली. मागची सीट पाडून तिथे पाट्या रचल्या जाऊ लागल्या. आणि हे मी मुद्दाम लिहिते, शेडमधल्या दोघींनी आईचं बघून शिकाऊ परवाना काढला.

माझे वडील, आबा, फौजेत ड्रायव्हर होते. डोंगरातल्या बर्फात त्यांनी ट्रक चालवलेत. आईला शिकवलं त्यांनीच, आणि अभिमानानं शिकवलं. पण शिकवणाऱ्याला एक खोड असते. शिकणारा कधीच पुरता शिकला असं त्याला वाटत नाही.

पहिल्यांदा गाडी बंद पडली ती उसाच्या हंगामात. आष्ट्याच्या अलीकडे रस्त्यावर आडवे पट्टे मारलेत, त्यावरून गाडी खडखडत गेली आणि इंजिन गप्प. मागे दोन ट्रॉल्या ओढत येणारा उसाचा ट्रॅक्टर. स्टिअरिंग दगडासारखं जड, ब्रेक दाबून दाबून घट्ट. आईने अंगातलं सगळं बळ लावून गाडी कडेला घातली. ट्रॅक्टरवाला शिव्या देत पुढे गेला. तिने किल्ली फिरवली, गाडी लगेच सुरू.

घरी सांगितल्यावर आबा जेवता जेवता म्हणाले, "क्लच सोडला असशील."

"आवं, चौथ्या गिअरात हुती गाडी. क्लचचा काय संबंध?"

"मग दुसरं काय तर केलं असशील."

ते दुसरं काय, हे ते सांगू शकले नाहीत. पण काहीतरी तिनेच केलं होतं, एवढं नक्की.

गाडी पुन्हा बंद पडली, मग पुन्हा. आबा त्याच रस्त्याने तीच गाडी घेऊन जायचे आणि शीळ घालत परत यायचे. "आमच्या हाताखाली गुमान चालती बघ." सांगलीतल्या सर्व्हिस सेंटरला आई गाडी घेऊन गेली. काउंटरवर तिने नेहमीसारखी गाडीची किल्ली जुडग्यातून सोडवली आणि तेवढीच दिली. घरदाराच्या किल्ल्या परक्याच्या हातात कोण देतं? त्यांनी चक्कर मारली, कॉम्प्युटर लावला. "मॅडम, गाडी एकदम ओके आहे." दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी तिथला पोरगेला सल्लागार हसून म्हणाला, "मॅडम, साहेबांना चालवू द्या की. तुम्ही शेजारी आरामात बसा."

मी तेव्हा साताऱ्यात एका छापखान्यात कामाला होते, अजूनही आहे. आई हे सगळं मला फोनवर सांगायची. आईचं माहेर आटपाडीकडचं, दुष्काळी भागातलं. तिचे वडील पाण्याच्या चळवळीची पत्रकं वाटत गावोगाव फिरायचे आणि उरलेले गठ्ठे आमच्या घरी यायचे. अक्षरं मी त्यांवर शिकले, पाठकोऱ्या बाजूवर गणितं सोडवली. त्यांत लिहिलेलं असायचं, दुष्काळ तुमच्या नशिबाचा नाही, पाणी न देणाऱ्यांचा आहे. त्या कागदांनी मला एक सवय लावली. कुणी "तुमच्यातच खोट आहे" म्हणालं, की आधी म्हणणाऱ्याकडे बघायचं.

एका शुक्रवारी आईचा फोन आला. आवाज वेगळाच. आबांनी गाडी विकायचं ठरवलं होतं. कऱ्हाडकडचा एकजण रविवारी बघायला येणार होता. भाकरी पुन्हा टेम्पोने जाणार.

शनिवारी सकाळी मी घरी पोचले, तर दोघांचं चालूच होतं.

"उद्या उसाच्या ट्रॉलीखाली गेलीस म्हंजे? मी काय करू?" आबा ओरडत होते.

आई पाट्या भरत होती. मान वर न करता ती म्हणाली, "भ्या वाटतंय म्हणा की मग. भ्या वाटतंय म्हणालासा तर मी ऐकंन. येत न्हाई म्हणू नका."

आबा बाहेर निघून गेले.

गाडी जाणार याचं तिला तेवढं दुःख नव्हतं. शेडमधल्या त्या दोघींपैकी एकीच्या सासऱ्याने आदल्या दिवशीच तिचा परवाना उचलून ठेवला होता. म्हणाला होता, फौजीच्या बायकोला जमंना, तुला काय जमतंय. आईचं स्टिअरिंग गेलं की तिच्यामागे आणखी किती बायकांचं जाणार होतं, ते आईला दिसत होतं.

त्या दिवशी मी तिच्या शेजारी बसले. रेडिओ चालू होता, कुणीतरी एकसुरी आवाजात हळदीचे भाव वाचत होतं. मी फक्त तिच्या पायांकडे बघत होते. होय, मीही. मलाही खात्री करून घ्यायची होती. तिचे पाय जिथे असायला हवेत तिथेच होते. सांगलीवाडीच्या अलीकडे एका खड्ड्यातून चाक आदळलं आणि गाडीतला जीव गेला. डॅशबोर्डवरचे काटे खाली पडले. आईने दातओठ खात स्टिअरिंग ओढलं, गाडी कडेच्या मातीत थांबली.

आणि रेडिओवरचा माणूस हळदीचे भाव वाचतच होता.

आईचा हात किल्लीकडे गेला, तो मी धरला. "थांब. हात लावू नको."

इंजिन मेलं तर डॅशबोर्डवर लाल दिवे लागतात. एकही लागला नव्हता. रेडिओ मात्र चालू. मी वाकून बघितलं. किल्ली चालू गाडीच्या खुणेवर नव्हती, एक घर मागे येऊन थांबली होती, जिथे इंजिन बंद असतं आणि रेडिओ तेवढा वाजतो. किल्लीखाली जुडगा अजून हिंदकळत होता. घराची किल्ली, कपाटाची, शेडची, गिरणीची, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची, आणि सगळ्यात खाली वजनदार पितळी गणपती. पूर्वी आई हा जुडगा कमरेला खोचायची. गाडी आल्यापासून तो गाडीला लागला होता.

दर वेळी घाबरून तिने किल्ली फिरवायची, गाडी सुरू व्हायची, आणि किल्ली मागे आली होती हे फिरवण्यात पुसलं जायचं.

"आई, आबा कुठली किल्ली वापरतात?"

"खिळ्यावरची. त्यास्नी माजा जुडगा खिशात मावत न्हाई."

"आणि सर्व्हिस सेंटरला तू..."

तिने माझ्याकडे बघितलं. मग जुडग्याकडे. मग ती हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. गाडी चालवणाऱ्या सगळ्या पुरुषांच्या हातात नुसती किल्ली होती. संसार लटकवलेली किल्ली एकट्या तिच्या हातात होती. बंद पडणारी गाडी तिला एकटीलाच भेटत होती ती त्यामुळे.

जुडगा उतरवून आम्ही कुपवाडला गेलो आणि परत आलो. तेच खड्डे, तेच पट्टे, गाडी कुठे अडली नाही. संध्याकाळी आबांना सांगितलं. "किल्ली आपली आपण फिरती? काय बी सांगता मायलेकी."

रविवारी कऱ्हाडकडचा माणूस आला. जाडजूड, मिशीवाला, बोलका. आबांनी खिळ्यावरची किल्ली काढली. आई दारात उभी राहिली. "ही न्हाई. ही घ्या," म्हणत तिने जुडगा पुढे केला. "आणि आधी त्यास्नी सांगा काय हुतंय ते. कुणाच्या तरी बाईला मारायला न्हाई विकायची मला गाडी."

"काय हुतंय?" पाहुण्याने विचारलं.

"काय हुत न्हाई," जुडगा ओढून घेत आबा म्हणाले. "बसा. चालवून दावतो."

आई आणि मी मागे बसलो. गावातलाच रस्ता, वेग बैलगाडीपेक्षा जरासा जास्त. डेअरीपुढे एक उंच गतिरोधक आहे. गाडी त्यावर चढली, धपकन उतरली आणि जागच्या जागी गप्प झाली. आबांनी स्टिअरिंग वळवायला घेतलं, ते वळेना.

पाहुण्याने मान वळवून आबांकडे बघितलं. अगदी आपुलकीने विचारलं, "फौजी, क्लच सोडलासा काय?"

मागच्या सीटवर आईने पदर तोंडाला लावला. आबांचं तोंड मात्र मी आरशात बघितलं. बर्फातनं ट्रक काढणारा माणूस, आणि त्याच्याकडे आज कुणीतरी तसं बघितलं होतं. ते वाकले, किल्ली कुठे आलीय ते डोळ्यांनी बघितलं, बोट लावून बघितलं. मग पाहुण्याला म्हणाले, "पावनं, चा घ्या आणि जावा. गाडी विकायची न्हाई."

सोमवारी आम्ही तिघं सर्व्हिस सेंटरला गेलो. या वेळी आईने किल्ली सोडवली नाही. जुडगा काउंटरवर ठेवला, आवाज झाला. "आता फिरवा. मी मागं बसते."

मॅनेजर स्वतः बसला. त्यांच्याच फाटकातला गतिरोधक दोनदा पार झाला, तिसऱ्यांदा गाडी बंद. काउंटरवर परत येऊन त्याने जुडगा हातात तोलला आणि त्याला सुटका झाल्यासारखं वाटलं. "बघा मॅडम, एवढं वजन लटकवल्यावर काय होणार? ही कस्टमरची चूक झाली."

बघा कशी जागा बदलली. आधी चूक आईच्या पायात होती, आता ती तिच्या किल्ल्यांत आली. गाडीत यायला मात्र तयार नव्हती.

आईने गाडीची किल्ली उचलून त्याच्या डोळ्यांपुढे धरली. "मग ह्याला भोक कशाला ठेवलंय?"

तो समोरचे कागद चाळायला लागला.

"आणि ह्यो गणपती कुणी दिला? गाडी घेतली तवा नारळ फोडून, फोटो काढून, तुमीच दिलासा की. तवा म्हणाला न्हाईसा, बाई हे लावू नका, गाडी रस्त्यात मरंल."

आबा इतका वेळ भिंतीपाशी उभे होते. ते पुढे आले. मला वाटलं, आता ते बोलणार आणि आईला बाजूला व्हावं लागणार. ते एवढंच म्हणाले, "तिच्याशी बोला. गाडी ती चालवती."

किल्ली घालायचं कुलूप खोलल्यावर आतला स्विच घासून सैल झालेला निघाला. तो बदलून मिळाला. मॅनेजर हळू आवाजात म्हणाला, "आता विषय वाढवू नका."

"विषय तुमी वाढवलासा. तीन येळा मला येत न्हाई म्हणालासा. आता एकदा म्हणा, गाडीत बिघाड हुता."

तिथे आणखी चारजण बसले होते. तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "होता." तो पोरगेला सल्लागार फायलीत डोकं घालून बसला होता.

आज आईच्या गाडीला एकटी किल्ली असते. जुडगा पुन्हा कमरेला गेला आणि गणपती शेडमध्ये चुलीच्या वर बसलाय. वजन उतरवलं ते जिवासाठी. त्याचा अर्थ आम्ही चूक कबूल केली असा कुणी काढू नये. घरच्या चार किल्ल्या ज्याला पेलत नाहीत, तो स्विच कच्चा. सुनेचा परवाना उचलून ठेवणाऱ्या सासऱ्याच्या दारात आई गाडी घेऊन गेली, हॉर्न दिला आणि म्हणाली, "मामंजी, परवाना द्या तिचा. माजी गाडी क्लचनं न्हाई, किल्लीनं बंद पडत हुती." त्याने दिला. कुरकुरत दिला, पण दिला.

मी हे लिहायला बसले नसते. पण साताऱ्यात पाचगणीच्या एका शाळेतल्या बाई छापखान्यात काम घेऊन आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, पूर्वी चालवायचे मी, पण घाटात गाडी बंद पडायची, म्हणून मग घरच्यांनी बंदच केलं. मी विचारलं, किल्लीला काय लावलेलं असायचं? त्यांनी आठवून सांगितलं: वर्गाची, कपाटाची, वसतिगृहाच्या फाटकाची.  त्यांची गाडी कशाने बंद पडायची ते मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नाही. कुणी शोधलंच नाही.

म्हणून तुम्हाला एक सांगणं आहे. हे वाचून झालं की तुमच्या गाडीची किल्ली हातात घ्या आणि तिच्याखाली जे लटकतंय ते आजच उतरवा. आणि तुमच्या घरात एखादीचं गाडी चालवणं "तिला जमत नाही" म्हणून थांबलं असेल, तर तिची गाडी तिच्या किल्लीसकट, तिच्या जुडग्यासकट दुरुस्तीला न्या, ती जिथे बसायची तिथे दुरुस्तीवाल्यांना बसवा, आणि बिघाड सापडेपर्यंत तिथून हलू नका. सापडला की किल्ली तिच्या हातात परत द्या. चार लोकांसमोर द्या.